मान न धरणारे मूल

तान्हे मूल तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरू लागते, पुढे पालथे पडते, आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया निश्चिंत होतात. क्वचित एखादे मूल मात्र मान धरीतच नाही. उचलून घेतले तर हातपाय चिंधीप्रमाणे लोंबतात, दूध ओढण्याचेही त्राण नसते. अशाच एका अर्भकाची हकीकत न्यूयॉर्कच्या साल्वातोरे दिमाउरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली प्रसिद्ध केली. त्या बाळाला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले होते. स्नायूचा तुकडा काढून तपासला, तेव्हा त्यात सायटोक्रोम ऑक्सिडेज हे एन्झाइम जवळजवळ निष्क्रिय आढळले. अशी लक्षणे असलेली इतर अर्भके दगावली होती. हे मूल मात्र हळूहळू सुधारू लागले, आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या स्नायूंतील एन्झाइमही पूर्ववत झाले.

हा चमत्कार नव्हे. तो समजण्यासाठी स्नायू कसा घडतो ते पाहावे लागेल. गर्भात स्नायुजनक पेशी आधी संख्येने वाढतात. मग वाढ थांबवून एकमेकींत विलीन होतात व अनेक केंद्रकांचा एकच लांब तंतू बनतो. त्याला शक्तीचा मोठा पुरवठा लागतो, म्हणून त्यात मायटोकॉन्ड्रिया, अर्थात तंतुकणिका, भराभर वाढतात. आपण घेतलेल्या प्राणवायूचा बहुतांश वापर या कणिकांतच होतो, आणि तो घडवून आणणारे एन्झाइम म्हणजेच सायटोक्रोम ऑक्सिडेज.

गंमत अशी की, या कणिकांचा संसार दोन घरांच्या शिध्यावर चालतो. त्यांच्याजवळ स्वतःचा छोटासा डी.एन.ए. असतो: 16,569 अक्षरजोड्या, 37 जनुके, आणि त्यांपैकी प्रथिने बनविणारी अवघी 13. बाकीची हजाराहून अधिक प्रथिने पेशीकेंद्रकातील जनुकांच्या आज्ञेने तयार होऊन येतात. एकट्या सायटोक्रोम ऑक्सिडेजचेच पाहा. त्याचे तीन मोठे भाग कणिकेच्या घरचे, उरलेले दहाएक केंद्रकाकडचे. दोन्हींकडचा शिधा वेळेवर आणि बेतशीर आला नाही, तर एन्झाइम उभेच राहत नाही. शिवाय केंद्रकाकडून येणाऱ्या काही भागांची दोन रूपे आहेत. एक बहुतेक अवयवांत चालणारे, दुसरे खास हृदय व स्नायूंचे. स्नायू परिपक्व होऊ लागला की पहिले मागे पडून दुसरे त्याची जागा घेते.

साहजिकच संशोधकांनी तर्क केला की, बाळाचे अर्भकावस्थेतील रूप सदोष असावे आणि प्रौढ रूप आल्यावर दोष आपोआप झाकला जात असावा. तर्क इतका सुबक होता की तो खरा ठरावा असे कोणालाही वाटले असते. परंतु 2009 साली रिटा होर्वाथ व सहकाऱ्यांनी खरे कारण शोधले, ते केंद्रकात नव्हतेच. कणिकेच्या डी.एन.ए.मधील 14674 व्या स्थानी एकच अक्षर बदललेले होते. तो भाग ग्लुटामिक आम्ल वाहून आणणाऱ्या आर.एन.ए.चा. हा वाहक दुबळा असला की कणिकेच्या घरची तेराही प्रथिने रखडतात. या वाहकाला कार्यक्षम करणाऱ्या क्रियेस गंधक लागते. ते सिस्टीन या अमिनो आम्लातून मिळते, आणि नवजात शरीराची सिस्टीन बनविण्याची शक्ती तोकडी असते. म्हणूनच संकट नेमके पहिल्या महिन्यांत येत असावे, असाही एक तर्क आहे. पुढे असे दिसून आले की, आजारी पडणाऱ्या कित्येक मुलांत त्याच वाहकाशी निगडित एखाद्या केंद्रकीय जनुकातही लहानसा बदल असतो. दोन्ही घरी एकदम टंचाई, असेच म्हणावयाचे!

सगळीच लुळी बालके अशी सुधारत नाहीत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. पण म्हणूनच त्या एका अक्षराची तपासणी मोलाची आहे. ते आढळल्यास श्वसनयंत्र काढावे की ठेवावे, या प्रश्नाचा निर्णय वेगळा होतो, कारण काही महिने तग धरलेले मूल पुढे चालू शकते.

आणखी एक गोष्ट आमच्या घरांत विशेष ध्यानी ठेवावी, कारण मूल दुबळे निघाले की बोट आईकडे दाखविण्याची आपली जुनी खोड आहे. कणिकेचा डी.एन.ए. आईकडूनच येतो, हे खरे. पण ते अक्षर तिलाही तिच्या आईकडून, आणि आईला आजीकडून आलेले असते. आणि त्यांतल्या बहुतेकींना जन्मभर त्याची काहीही बाधा झालेली नसते.