नवरदेव नवरीला विसरतो तेव्हा

लग्नघरात काहीतरी विसरतेच. कुणाच्या मुंडावळ्या घरी राहतात, कुणाची अक्षतांची पिशवी टेंपोतच राहते. एखाद्या मामांना आमंत्रण द्यायचे राहिले, तर तो रुसवा पुढची दहा वर्षे पुरतो. पण खुद्द नवरदेवच नवरीला विसरला तर? अंतरपाट दूर झाला, समोर नवरी उभी आहे, आणि नवरदेव शेजारच्या मित्राला हळूच विचारतो आहे, “ही कोण रे?”

२०१९ साली आलेल्या ‘डोक्याला शॉट’ या मराठी चित्रपटाची सारी गंमत याच प्रश्नावर उभी आहे. दिग्दर्शक शिवकुमार पार्थसारथी, नवरदेव सुव्रत जोशी आणि नवरी प्राजक्ता माळी. लग्न तोंडावर आले असताना मित्रांबरोबर क्रिकेट खेळताना नवरदेवाच्या डोक्याला मार बसतो आणि त्याच्या आठवणीतला मधला काळ पुसला जातो. नेमक्या त्याच काळात त्याचे प्रेम जमलेले. आईबाप आठवतात, मित्र आठवतात, पण नवरी काही आठवत नाही. मित्रांची तारांबळ उडते आणि आपण पोट धरून हसतो.

हा चित्रपट २०१२ सालच्या एका तमिळ चित्रपटावरून घेतलेला आहे. मूळ तमिळ नावाचा अर्थ ‘मधली काही पाने सापडत नाहीत’ असा. किती चपखल नाव! दिग्दर्शक बालाजी तरणीधरन आणि नायक विजय सेतुपती. त्याहून नवल असे की ही नुसती कल्पना नव्हे. त्या चित्रपटाचे छायाचित्रण करणारे प्रेमकुमार यांच्यावरच लग्नाच्या ऐन धामधुमीत हा प्रसंग ओढवला होता. आपल्या फजितीचा सिनेमा त्यांनी स्वतःच कॅमेऱ्यात टिपला.

मंडळी, शेतीच्या पानावर हा सिनेमा कुठून आला, असे आपण म्हणाल. सांगतो. त्या नवरदेवाचे मित्र त्याला डॉक्टरांकडे नेतात खरे, पण घरच्यांपासून आणि नवरीपासून मात्र सारे लपवून ठेवतात. लग्न पार पडू दे, मग पाहू, हा त्यांचा हिशोब. आपल्या खेड्यापाड्यांतही नेमका हाच हिशोब चालतो. हळदीच्या आधी मुलगा मोटारसायकलवरून पडतो, दोनदा ओकतो, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतो. घरचे म्हणतात, “दगदग झाली, झोपू द्या त्याला. बोभाटा नको, सोयरे काय म्हणतील?” पडद्यावर अशी लपवालपवी हसू आणते. घरात तिच्यापायी जीव जाऊ शकतो.

डोक्याला मार बसल्यावर विसर पडणे ही डॉक्टरांना चांगली ठाऊक असलेली गोष्ट आहे. मेंदूला हिसका बसला की मार बसण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवणी पुसल्या जातात. माणूस तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतो, कारण मिळालेले उत्तर डोक्यात टिकतच नाही. बहुतेकांच्या आठवणी हळूहळू परत येतात, जुन्या आधी आणि अलीकडच्या मागाहून. प्रत्यक्ष मार बसला ते क्षण मात्र पुष्कळदा कायमचे जातात.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. जुन्या सिनेमांत डोक्यावर दुसरा टोला बसला की स्मृती परत येते, तसे प्रत्यक्षात कधी होत नाही. पहिली जखम भरायच्या आत दुसरा मार बसला तर तो अधिक घातक ठरतो.

आपल्या धंद्यात डोक्याला मार बसायच्या जागा काय थोड्या आहेत? ट्रॅक्टर बांधावरून कलंडतो, आंबे उतरवताना फांदी मोडते, बैल शिंग मारतो, विहिरीच्या पायरीवरून पाय घसरतो. म्हणून ही लक्षणे पाठ करा. मार बसल्यावर वारंवार उलटी होणे, डोकेदुखी वाढत जाणे, गुंगी येणे किंवा हाक मारूनही नीट जाग न येणे, झटके येणे, बोलणे अडखळणे, एका हातापायातली ताकद जाणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणे. यातले एक जरी दिसले तरी मुहूर्त बाजूला ठेवा, १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि दवाखाना गाठा. लक्षणे नसली तरी डॉक्टरांना दाखवावे आणि पहिली रात्र अशा माणसाला एकटे सोडू नये. दारू देऊ नये, मनानेच झोपेची किंवा वेदनेची गोळी देऊ नये. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

विसर पडला की आपल्याकडे आणखी एक वाट धरली जाते, ती देवऋष्याची. बाहेरची बाधा झाली म्हणून अंगारा लावला जातो आणि मोलाची वेळ निघून जाते. ही समजूत जुनीच. शकुंतलेची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. दुर्वासाच्या शापाने दुष्यंत तिला विसरतो आणि कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते तेव्हा त्याला आठवण येते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा मोठा काळ सुरू झाला. पण शाप आणि अंगठी ही कालिदासाची भर आहे. महाभारतातल्या दुष्यंताला सारे आठवत असते. लोक काय म्हणतील या भयाने तो भर दरबारात ओळख देत नाही. म्हणजे विसरणे वेगळे आणि विसरल्याचे सोंग वेगळे. आपल्या घरांतही या दोन्ही गोष्टी असतात, त्याकडे पुढे येतोच.

परदेशातही असा एक प्रेमाचा विनोदी चित्रपट २००४ साली निघाला, ‘फिफ्टी फर्स्ट डेट्स’. त्यातली मुलगी वडिलांबरोबर अननस आणायला निघते. वाटेत गाय आडवी येते, तिला वाचवताना मोटार झाडावर आदळते. गाय वाचते, पण त्या दिवसानंतरचे काहीच त्या मुलीच्या डोक्यात टिकत नाही. रात्री झोपली की दिवस पुसला. तिचे वडील आणि भाऊ मायेपोटी रोज तोच दिवस साजरा करतात, तेच वर्तमानपत्र तिच्या हाती देतात, रंगवलेली भिंत पुन्हा पांढरी करून ठेवतात. तिच्यावर प्रेम जडलेला नायक मात्र वेगळी वाट काढतो. तो सारी हकीकत चित्रफितीवर भरून देतो. सकाळी उठल्यावर ती चित्रफीत पाहते, तुझ्यावर काय प्रसंग आला आणि आम्ही तुझे कोण हे तिला कळते, ती रडते आणि मग दिवसाला लागते. दोघांचा संसार त्याच रीतीने उभा राहतो.

असा नेमका आजार सिनेमातच दिसायचा. पण त्यातली रीत सोळा आणे खरी आहे. जो विसरला त्याच्या आठवणीचे काम घरातल्यांनी उचलायचे आणि न कंटाळता रोज करायचे.

आता म्हातारपणाच्या विसराकडे येऊ. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण तो हसण्यावारी नेतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी पुण्यातल्या अशाच एका विद्वान शास्त्रीबुवांची भूमिका केली. स्मृती गेलेले हे शास्त्रीबुवा रस्त्यावर हत्ती पाहून त्याच्या मागे निघून जातात. माहुताची गरीब बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. तुम्ही कोण, कुठले, अशी उलटतपासणी ती घेत नाही, आधी जेवू घालते. ती भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना २०१३ सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत साहाय्यक अभिनेत्रीचा मान मिळाला.

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचे धायरी घ्या. धारेश्वराचे हे गाव २०१७ साली महापालिकेत गेले. ज्वारीच्या रानांत इमारती उभ्या राहिल्या. अशा गावात ज्याची स्मृती सरत चालली त्या म्हाताऱ्याचे हाल दुहेरी होतात. तिन्हीसांजा झाल्या की तो काठी घेऊन उठतो, “बैलं सोडायची राहिली” म्हणत निघतो. अशा माणसांची घालमेल सांजवेळी वाढते, हा डॉक्टरांचाही अनुभव आहे. बिचाऱ्याला ना बांध दिसतो, ना विहीर, ना ओळखीचा आंबा. वाट सांगणाऱ्या खुणाच गेल्या. त्याला “वेड लागलंय का, रान कधीच विकलं!” असे ओरडून सांगितले तर ते दुःख त्याला रोज नव्याने होते. त्यापेक्षा “चला, मी येतो बरोबर” म्हणावे, चार पावले फिरवून आणावे, चहा द्यावा. खिशात नाव आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

घरोघरी आणखी एक चूक होते. पाहुणे आले की म्हाताऱ्याची परीक्षा घेतात, “ओळखा बघू मी कोण?” त्याला आठवत नाही, तो खजील होतो आणि पोरे हसतात. त्याऐवजी आपणच सांगावे, “आजोबा, मी तुमच्या थोरल्या लेकीचा मुलगा.” नावे गेली तरी हाताला वळण पडलेली कामे पुष्कळ दिवस टिकतात. लेकाचे नाव विसरलेली म्हातारी दाणे पाखडायला बसली की सूप बरोबर चालते, जात्यावरची ओवीही ओठांवर येते. तिला कामातून उठवू नका. शेंगा सोलू द्या, जनावराला घास घालू द्या.

आणि प्रत्येक विसर म्हातारपणाचाच असतो असे समजू नका. ‘ब १२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, मनाची खिन्नता आणि काही औषधे यांनीही विसर पडतो आणि तो उपचाराने बरा होऊ शकतो. म्हातारा माणूस न्हाणीत घसरून डोके आपटतो, तेव्हा काही वाटत नाही आणि दोनतीन आठवड्यांनी तो भ्रमल्यासारखा वागू लागतो. डोक्यात सावकाश रक्त साचल्याचे ते लक्षण असू शकते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची विषबाधा झाली तर घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि माणूस गोंधळतो. जबर बाधेनंतर काहींची स्मरणशक्ती पुढेही मंद राहते. म्हणून हातमोजे आणि तोंडाला आच्छादन घेतल्याशिवाय फवारणी करू नये. त्रास झालाच तर दवाखान्यात जाताना बाटलीवरचे लेबल बरोबर न्यावे.

शेवटी सोंगाचे. शहराला लागलेल्या गावांत गुंठ्याला मोल आले आणि विसरणाऱ्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याला त्याहून मोल आले. सकाळी जेवल्याचे ज्याला आठवत नाही, त्याला गाडीत बसवून कागदावर अंगठा घ्यायचा आणि बहिणींनी विचारले की “आम्हाला काही आठवत नाही” म्हणायचे, हे दुष्यंताचे दरबारी सोंग झाले. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करार करताना माणसाला व्यवहार समजण्याइतके आणि आपले हित ओळखण्याइतके भान असावे लागते. भान नसताना केलेला करार टिकत नाही. म्हणून जमिनीची वाटणी, बँकेतले वारस, उधारउसनवारीची वही हे सारे वडीलधारे शुद्धीवर असतानाच, सर्व लेकी-लेकांना समोर बसवून लिहून ठेवावे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, हा सिनेमा कधी पाहायला मिळाला तर घरच्या सगळ्यांनी मिळून पाहा आणि मनमुराद हसा. मग जाता जाता ओसरीवरच्या आजीजवळ थोडे थांबा. ती विचारील, “तू रे कुणाचा?” काल सांगितले असले तरी आज पुन्हा सांगा. उद्याही सांगावे लागेल, ते उद्या सांगू.