बंदीनंतरचे काम
पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली, हे योग्यच झाले. पण लागलेला नाद कायद्याने सुटत नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच जुगाराला दारूच्या पंक्तीत, व्यसनांत बसवले. मग व्यसनमुक्तीचे समुपदेशक आहेतच की, असे कुणी म्हणेल. मात्र जुगाराला वास नसतो. घरच्यांना कळते ते वसुलीवाला दारात उभा राहिल्यावर. गेलेले पैसे खेळूनच परत मिळतील हा भ्रम मोडणे, कर्जाचा खरा आकडा वदवून घेणे, आत्महत्येच्या विचाराबद्दल थेट विचारणे, ‘एकदाच फेडून टाकू’ म्हणणाऱ्या वडिलांना थांबवणे, हे कसब वेगळे आहे आणि शिकवल्याशिवाय येत नाही. राज्याने ते समुपदेशकांच्या प्रशिक्षणात आताच घालावे.