बोर्डावर कोण बसलंय?

स्टार्टअपची ऑफर आली की आपली मुलं पगार विचारतात, ईसॉप किती तेही विचारतात. संचालक मंडळावर कोण आहे, हे विचारणारा मला सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच भेटला.

बायजूज आठवा. २०२२ मध्ये कंपनीचं मूल्यांकन २२ अब्ज डॉलर होतं. जून २०२३ मध्ये डेलॉइटने लेखापरीक्षण सोडलं. मार्च २०२२ अखेरचे हिशेबच मिळाले नव्हते. त्याच सुमारास पीक एक्सव्ही, प्रोसस आणि चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्हच्या प्रतिनिधींनी संचालकपद सोडलं. उरले संस्थापक, त्यांची पत्नी आणि भाऊ. ही तर घरगुती बैठकच झाली! वर्षभरात प्रोससने आपल्या हिश्श्याची किंमत शून्य धरली. मग ईसॉपचं काय, ते वेगळं सांगायला नको.

कंपनी कायदा २०१३, कलम १६६ संचालकाला कर्मचाऱ्यांचंही हित पाहायला सांगतं. पण खासगी कंपनीला स्वतंत्र संचालक नेमण्याची सक्ती नाही. त्यामुळे टेबलाभोवती संस्थापक आणि फंडांची माणसं, कर्मचाऱ्यांच्या बाजूने बोलणारं कुणीच नाही.

संचालकांची नावं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. सही करण्याआधी पाहा. अलीकडे कुणी राजीनामा दिला असेल, तर मुलाखतीत सरळ विचारा, का दिला?