विश्लेषण : कॉक्लिअर इम्प्लांट मोफत, पण पुढच्या देखभालीचे काय?

जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकांना सरकारी मदतीतून कॉक्लिअर इम्प्लांट बसवले जाते. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याची बातमी येते आणि विषय तिथेच संपतो. कुटुंबासाठी मात्र तिथून पुढे अनेक वर्षांची देखभाल सुरू होते. या देखभालीची सरकारी कागदांवर नीट नोंद नसेल, तर तिच्यासाठी पैसा तरी कुठून येणार?

इम्प्लांट कसे काम करते?

श्रवणयंत्र आवाज फक्त मोठा करते. इम्प्लांट मात्र आतल्या कानातील निकामी पेशींना वळसा घालून श्रवण नसेला थेट विद्युत संदेश देते. त्याचा एक भाग शस्त्रक्रियेने आत बसवतात, तर आवाज टिपणारा प्रोसेसर कानामागे लावतात. बाहेरच्या या भागाला घाम, पाऊस, धूळ आणि मुलांची धडपड सोसावी लागते. बॅटरी, केबल, कॉइल बदलावी लागते. प्रोसेसर बंद पडला की आतला भाग शाबूत असूनही मुलाला ऐकू येत नाही. शिवाय संदेशांची पातळी मुलानुसार जुळवण्यासाठी वारंवार मॅपिंग आणि बोलायला शिकवण्यासाठी दीर्घकाळ स्पीच थेरपी लागते.

कोडिंगचा संबंध काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० वर्गीकरणात बहिरेपणाचा कोड एच ९०, कानात इम्प्लांट असल्याचा झेड ९६.२ आणि त्याच्या जुळवणीसाठीच्या भेटीचा झेड ४५.३ आहे. म्हणजे आजार, बसवलेले यंत्र आणि देखभाल या तीन वेगळ्या नोंदी आहेत. अमेरिकेतील बिलिंगमध्ये तर शस्त्रक्रियेला ६९९३० आणि मॅपिंगला ९२६०१ ते ९२६०४ असे स्वतंत्र कोड आहेत. अमेरिकी रुग्णालयांसाठी असे कोडिंग करणारे अनेक तरुण पुणे, नवी मुंबईत बसून काम करतात. कोड असला म्हणजे विमा कंपनी पैसे देतेच असे नाही. पण कामाला नाव असले, की त्याचा मोबदला मागता येतो.

नोंद नसेल तर धोका कोणता?

आतल्या भागात चुंबक असल्याने एमआरआयपूर्वी इम्प्लांटचे मॉडेल तपासावेच लागते. दुसऱ्या शस्त्रक्रियेत डोके-मानेजवळ मोनोपोलर कॉटरी टाळावी लागते. इम्प्लांट असलेल्यांना मेंदूज्वराचा धोका अधिक असल्याने न्यूमोकोकल लस महत्त्वाची ठरते. केसपेपरवर फक्त ‘बहिरेपणा’ लिहिले असेल, तर नव्या डॉक्टरला यातले काहीच कळणार नाही.

आपल्याकडे अडते कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मुलांची तपासणी होते. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून इम्प्लांट मिळते. त्यासाठी मुंबईतील अली यावर जंग संस्था नोडल यंत्रणा आहे. योजनेत मॅपिंग आणि थेरपीही धरलेली असते, पण ठरावीक मुदतीसाठी. मुदत आणि वॉरंटी संपली, की खर्च पालकांवर येतो. नव्या प्रोसेसरची किंमत लाखांत जाते. शेतमजूर कुटुंबाने ती कशी भरायची? सरकारने लाखो रुपये खर्चून बसवलेले यंत्र एका केबलपायी कपाटात पडून राहणे, ही काटकसर नव्हे.

काय करता येईल?

केरळच्या ‘श्रुतितरंगम’ योजनेत यंत्राची दुरुस्ती आणि अपग्रेड यांसाठीही मदत दिली जाते. महाराष्ट्रानेही शस्त्रक्रियेच्या पॅकेजला जोडून सुटे भाग, मॅपिंग आणि प्रोसेसर बदल यांसाठी स्वतंत्र कोड आणि दर ठरवावेत. मुलाच्या ‘आभा’ खात्यात इम्प्लांटची कंपनी, मॉडेल आणि बसवल्याची तारीख नोंदवणे बंधनकारक करावे. मॅपिंगची सोय जिल्ह्यातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांपर्यंत न्यावी, म्हणजे तासाभराच्या कामासाठी पालकांची दोन दिवसांची मजुरी बुडणार नाही.

तोवर पालकांनी इम्प्लांटचे ओळखपत्र आणि वॉरंटीचे कागद जपून ठेवावेत, त्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला ते आधी दाखवावेत. योजनेचे यश किती शस्त्रक्रिया झाल्या यावर मोजले जाते. पाच वर्षांनंतर त्यातील किती मुलांचे यंत्र सुरू आहे, हेही मोजायला हवे.