दातांचे दवाखाने साथीच्या आराखड्यात हवेत

मार्च २०२० च्या अखेरीस इस्लामपुरात एकाच कुटुंबातून सुरू झालेली कोरोनाबाधितांची संख्या २६ वर गेली. पाठोपाठ कराड तालुक्याचे नाव रोज बातम्यांत येऊ लागले. त्या दिवसांत साताऱ्यापासून मिरजेपर्यंत बहुतेक दातांच्या दवाखान्यांना कुलूप होते. दाढदुखी मात्र थांबली नव्हती. गाल सुजलेल्या माणसापुढे मेडिकलमधून गोळ्या आणून रात्र काढण्याखेरीज फारसा मार्ग नव्हता. दातांचा उपचार ही सवडीने करायची गोष्ट आहे, या समजुतीतून ही वेळ आली. ती समजूत धोरणातून आता काढून टाकायला हवी.

धोका खरा होता. दात कोरणारा एअरोटर फिरू लागला की पाणी आणि लाळ यांचे सूक्ष्म तुषार हवेत पसरतात आणि डॉक्टर रुग्णाच्या तोंडापासून हातभर अंतरावरच असतो. म्हणूनच केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे २०२० मध्ये प्रतिबंधित क्षेत्रातील दंत दवाखाने बंद ठेवण्यास आणि इतरत्र नेहमीचे उपचार पुढे ढकलण्यास सांगितले. सावधगिरी योग्यच होती, पण तिच्या जोडीला व्यवस्था आली नाही. जत किंवा माणमधल्या रुग्णाने तातडीच्या वेळी कुठे जावे आणि छोट्या दवाखान्याला पीपीई किट, एन-९५ मास्क रास्त दरात कसे मिळावेत, या प्रश्नांची उत्तरे ज्याची त्याला शोधावी लागली. पुरेशी साधने असतील तर हे काम सुरक्षितपणे करता येते, हेही लवकरच दिसले. अमेरिकेत जून २०२० मध्ये झालेल्या पाहणीत दंतवैद्यांमधील संसर्गाचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आढळले.

आर्थिक फटका कृष्णाकाठी अधिक खोल बसला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरातून सांगली सावरते न सावरते तोच टाळेबंदी आली. दातांचा दवाखाना म्हणजे खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे यंत्र, आणि त्यामागे बहुधा बँकेचे कर्ज. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सहा महिन्यांची सवलत दिली, पण व्याज चालूच राहिले. जागेचे भाडे आणि मदतनीस मुलींचे पगार चुकत नव्हते. दवाखाने उघडल्यावर प्रत्येक रुग्णामागे संरक्षक साधनांचा खर्च वाढला. त्यातला काही रुग्णाच्या बिलात गेला आणि ज्यांची मजुरी बुडाली होती त्यांनी उपचारच टाळले.

दुसऱ्या लाटेने तर दंतवैद्याचे महत्त्व निर्विवाद सिद्ध केले. ही लाट या भागात लांबली: ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने निर्बंध सैल केले, तेव्हा वगळलेल्या ११ जिल्ह्यांत सातारा आणि सांगली होते. त्याच वर्षी म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराची साथ आली. कोरोनातून उठलेल्या मधुमेही रुग्णाचे वरचे दात अचानक हलू लागणे, टाळूचा रंग काळपट होणे, हिरडीतून पू येणे ही त्याची लक्षणे. ती घेऊन रुग्ण अनेकदा आधी दातांच्या डॉक्टरकडेच येतो. तिथे वेळीच ओळख पटली तर डोळा आणि जीव वाचू शकतो. ज्यांचा वरचा जबडा काढावा लागला, त्यांना पुन्हा गिळता-बोलता यावे म्हणून कृत्रिम टाळू बसवणारे हातही दंतवैद्याचेच असतात.

या भागात तंबाखू आणि मिश्रीची सवय जुनी आहे. तोंडातला पांढरा चट्टा किंवा तोंड कमी उघडणे ही कर्करोगाची पूर्वसूचना दाताच्या खुर्चीवरच सहज लक्षात येते. दवाखाने बंद म्हणजे ही तपासणीही बंद.

म्हणून पुढच्या साथीची वाट न पाहता सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा प्रशासनांनी काही गोष्टी ठरवाव्यात. प्रत्येक तालुक्यात साथीच्या काळातही चालू राहील असे एक दंत उपचार केंद्र निश्चित करावे आणि ग्रामीण रुग्णालयांतील दंतशल्यचिकित्सकांची पदे भरलेली ठेवावीत. कराडचे कृष्णा, सांगलीचे भारती विद्यापीठ आणि कवलापूरचे वसंतदादा पाटील या दंत महाविद्यालयांशी आधीच करार करावेत. संरक्षक साधनांचा जिल्हास्तरीय साठा खासगी दवाखान्यांनाही मूळ दरात मिळावा. कोरोनाने मरण पावलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या २०२० च्या ५० लाखांच्या विमा योजनेत खासगी डॉक्टरांसाठी सरकारने सेवा अधिग्रहित केल्याची अट होती आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मृताच्या कुटुंबाला पुन्हा अशी पायपीट करावी लागू नये, यासाठी दंतवैद्य आणि त्यांचे मदतनीस यांचा उल्लेख अशा योजनेत पहिल्या दिवसापासून स्पष्ट असावा.

तोंड हा शरीराचाच भाग आहे आणि त्याचा उपचार हा आरोग्यसेवेचाच भाग आहे. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात हे लिहून घ्यायला मोठा निधी लागत नाही. ते काम जिल्हाधिकारी आणि लोकप्रतिनिधींनी याच वर्षी हाती घ्यावे.