सरासरीच्या आड



चार मुलांना गणितात ९५, ९०, ३० आणि २५ गुण मिळाले. सरासरी ६०. कागदावर सगळे ठीक. प्रत्यक्षात दोघे नापास. आम्हा शिक्षकांना सरासरी अशी फसवते, तशीच ती राज्यालाही फसवते.

नीती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी दारिद्र्याचा अहवाल काढला. त्यात कमाई नव्हे, तर जगणे मोजले होते: घरात पोषण आहे का, मूल शाळेत जाते का, पिण्याचे पाणी, संडास, वीज आहे का? महाराष्ट्रात सुमारे १५ टक्के लोक गरीब आढळले. पण नंदुरबार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक, आणि मुंबईत पाच टक्क्यांहूनही कमी! आकडे २०१५-१६ च्या पाहणीचे होते. पुढच्या पाहणीत राज्याचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला, ही आनंदाची गोष्ट. तरी प्रश्न उरतोच: कोणाचा किती कमी झाला?

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांची समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा बाबींत जिल्हा राज्याच्या सरासरीच्या जितका मागे, तितका त्याचा ‘अनुशेष’. एकूण हिशेब निघाला सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा. मोजले, म्हणून विदर्भ-मराठवाड्याला आकडा दाखवून मागता आले. पण जिल्ह्याच्या सरासरीआड तालुका लपतो. म्हणून पुढे डॉ. विजय केळकर समितीने तालुक्यापर्यंत उतरून पाहण्यावर भर दिला.

आणि तालुक्याच्या आड आपला मोहल्ला लपतो. मापात कसूर करणाऱ्यांवर कुरआनात ‘मुतफ्फिफीन’ नावाची आख्खी सूरह आहे. जकात आपण अंदाजाने नाही, हिशेबाने काढतो. मग मोहल्ल्याचा हिशेब का नको? सातवीनंतर किती मुलींची शाळा सुटली? किती घरांत नळ नाही? मशिदीच्या जमातीने, महिला बचत गटाने एका वहीत एवढे लिहून ठेवले, तरी नगरपालिकेसमोर बोलायला आधार मिळेल. पाहणीसाठी ताई दारात आल्या, तर भीतीने वा लाजेने उत्तर लपवू नका. खरे तेच सांगा.

जे मोजले जात नाही, ते कोणाच्या यादीत येत नाही.