बोट कापलं? हळदीचा डबा नको, आधी पाणी घ्या

"काही नाही डॉक्टर, जरासंच कापलं होतं. हळद दाबली होती."

सोयाबीनची काढणी सुरू झाली की नांदेड-लातूरकडच्या दवाखान्यांत हे वाक्य रोज ऐकू येतं. चार-पाच दिवसांनी आलेला माणूस चिंधी सोडतो. आत हळद, रक्त आणि माती यांचा वाळलेला पोपडा असतो. तो भिजवून काढला की विळ्याचा काप दिसतो. कडा सुजलेल्या, खाली पू. मी म्हणतो, "बोट वाकवा." बोटाचं टोक वाकतच नाही, कारण आतली शीर, म्हणजे स्नायूबंध, पहिल्याच दिवशी तुटलेली असते. हळदीखाली ती कुणाला दिसलीच नाही.

माझा घरगुती उपचाराला विरोध नाही. किरकोळ जखम घरीच बरी व्हावी. विरोध आहे तो जखमेत काहीतरी भरण्याला. हळद, तंबाखू, चुना, चिंधीची राख, दगडीपाल्याचा रस, शेण, टूथपेस्ट हे सगळं मी जखमांतून धुऊन काढलेलं आहे.

यावर हमखास उत्तर येतं, "हळदीचं तर अमेरिकेनंसुद्धा पेटंट घेतलं होतं!" खरं आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट तिथे १९९५ मध्ये दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. पण त्या लढाईत सिद्ध काय झालं? हा वापर नवा नाही, आपल्याकडे फार जुना आहे, एवढंच. जुना आहे म्हणून तो गुणकारी आणि सुरक्षित आहे, हा त्या निकालाचा अर्थ नव्हे. हळदीतल्या कर्क्युमिनवर प्रयोगशाळेत संशोधन होतं, पण तुमच्या डब्यातली हळद ही वेगळी गोष्ट आहे. नांदेड-हिंगोली हा तर हळदीचा पट्टा. हळद उकडून उघड्यावर कशी वाळत घालतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यावर धूळ बसते, जनावरं फिरतात. मग ती दळून डब्यात येते आणि त्यात फोडणीचा चमचा जातो. भाजीत ती शिजते, म्हणून चालते. उघड्या जखमेत नाही.

मातीत आणि शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात. ते चिवट असतात, थोडा वेळ उकळूनही सगळे मरत नाहीत. हवा कमी पोहोचणारी, घाण भरलेली, वरून बंद झालेली जखम त्यांना फार मानवते. पूड दाबून, चिंधी करकचून बांधून आपण नेमकी तशीच जखम तयार करतो.

त्यात ही जखम हाताची. मांडीवर कातडीखाली चरबी आणि मांसाची जाड गादी असते. बोटात कातडीच्या लगेच खाली शिरा, नसा आणि सांधे असतात. वरून अर्ध्या इंचाचा काप दिसला तरी आत शीर तुटलेली असू शकते. ती पहिल्या काही दिवसांत नीट जोडता येते. तीन-चार आठवडे गेले की टोकं आखडतात आणि शस्त्रक्रिया अवघड होते. कापूस वेचणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या माणसाची रोजी त्या बोटावर असते.

दोष सगळा तुमचाच नाही. आमच्यातलेही काही जण प्रत्येक ओरखड्याला इंजेक्शन आणि महागडी अँटिबायोटिक देतात. मग "दवाखान्यात गेलं की पाचशेची नोट गेली" असं वाटणारच. खरं तर स्वच्छ, लहान जखमेला अँटिबायोटिक सहसा लागत नाही. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर धनुर्वाताची लसही दर वेळी लागत नाही. शेवटचा डोस कधी घेतला ते लिहून ठेवा. स्वच्छ जखमेला १० वर्षं, मातीच्या किंवा खोल जखमेला ५ वर्षं उलटली असतील तर डोस घ्या. डोस आठवतच नसतील तर तसं डॉक्टरांना सांगा. ही लस सरकारी आरोग्य केंद्रात मिळते. आता टीटीऐवजी टीडी देतात.

मग घरी करायचं काय?

१. बोटातली अंगठी लगेच काढा. नंतर सूज आली की निघत नाही.
२. स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा आणि हात वर ठेवा. दहा मिनिटं उघडून पाहू नका.
३. रक्त थांबलं की पिण्याजोग्या पाण्याची धार सोडून माती निघेपर्यंत धुवा. भोवतीची कातडी साबणाने धुवा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेने आलं होतं, पाण्याची किंमत मला कळते. पण जखमेला दोन-तीन तांबे पुरतात.
४. स्वच्छ, कोरडी पट्टी बांधा. कापूस थेट जखमेवर ठेवू नका, तंतू चिकटतात. पट्टी रोज बदला.
५. प्रत्येक बोट टोकापर्यंत वाकवून आणि सरळ करून पाहा. टोकाला दोन्ही बाजूंनी स्पर्श कळतो का, तेही पाहा.

बोट वाकत नसेल, बधिर असेल, रक्त थांबत नसेल, जखम खोल किंवा उघडी असेल, काटा किंवा लोखंड आत राहिलं असेल, जनावर चावलं असेल, तर त्याच दिवशी या. मधुमेह असेल तर लहान जखमही दाखवा. नंतर सूज, ठणका किंवा पू वाढला, हातावर लाल रेघ चढू लागली किंवा तोंड उघडायला त्रास झाला, तर एक रात्रही थांबू नका.

आजीचा मान ठेवा. तिच्या काळी गावात ना दवाखाना होता ना लस, जे हाताशी होतं ते तिने मायेने लावलं. आज दोन्ही आहेत. हळद दुधात घाला, वरणात घाला. जखम मात्र उघडी, धुतलेली आणि दिसेल अशी घेऊन या.